न वाचता केलेली सही

माणूस मेला की वैर संपतं, असं आमच्याकडे म्हणतात. मी अजून मेलेलो नाही, तेव्हा माझं वैर चालू आहे. ते एकाच माणसाशी आहे. तो जळगावला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर बसायचा आणि लोकांना परदेशी नोकरीला पाठवायचा. त्याच्या टेबलावर पृथ्वीचा गोळा होता. बोलता बोलता तो बोटानं गोळा फिरवायचा, जशी काही सगळी पृथ्वी त्याच्या बापाची. साक्रीच्या वाटेवरचं माझं गाव त्या गोळ्यावर नव्हतं. धुळंसुद्धा नव्हतं. मी पहिल्याच दिवशी शोधून पाहिलं होतं.

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. तिसरीची पुस्तकं आणली त्याच आठवड्यात बापानं ढोरांमागं लावलं. पण मी अंगठा कधी उठवला नाही. तरुणपणी तालुक्याच्या एका कारकुनानं शाई लावायला माझं बोट धरलं होतं, मी हात ओढून घेतला आणि काम तसंच टाकून घरी आलो. मग महिनाभर गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं सही गिरवली. माझी सही झोकदार आहे. खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. सोसायटीत, बँकेत, ग्रामपंचायतीत लोक ती सही पाहायचे आणि त्यांना वाटायचं, गडी शिकलेला आहे. मीही त्यांना तसं वाटू द्यायचो.

वाचण्याचं म्हणाल तर एसटीची पाटी वाचायचो, पेपरातला मोठा मथळा अक्षराला अक्षर लावून वाचायचो. पण कोर्टकचेरीचा बारीक मजकूर समोर आला की माझी एक युक्ती ठरलेली होती. खिसा चाचपायचा आणि म्हणायचं, चष्मा घर रही गया भो, कोठे सही करानी ते सांग. चष्मा खिशातच असायचा. उभ्या जन्मात कोणी पकडलं नाही. पकडलं ते त्या एकानं.

माझा मुलगा वेल्डर. जळगावला कारखान्यात होता आणि त्याच्या हातची वेल्डिंगची शिवण अशी यायची की साहेब लोक दुसऱ्यांना बोलावून दाखवायचे. त्याला कॅनडाला जायचं होतं. तिकडं वेल्डर लागतात, असं त्याच्या बरोबरच्या कोणाकडून तरी त्याला कळलं होतं. त्याची बायको मुक्ताईनगरकडची, केळीवाल्या घरातली. तिच्या माहेरच्या गावचा एक जण या दलालामार्फत आखाती देशात गेला होता, त्या ओळखीनं आम्ही त्या जिन्यावर चढलो. दलाल उठून पाया पडला. मला नाना म्हणाला. चहा आधी मला दिला, मग मुलाला. मी त्याच वेळी भुललो, हे आता लिहितो.

अडचण निघाली ती जन्मतारखेची. आमच्या गावात निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. खरं नाही, पण शाळेच्या दाखल्यात तसंच. शाळा जूनमध्ये उघडायची. बाप पोराला हाताला धरून न्यायचा, मास्तर विचारायचे, जन्म कधीचा, बाप म्हणायचा, बाजरी कापणीच्या वक्ताला झाला, नाहीतर म्हणायचा, मोठ्या पुराच्या आधल्या साली. मास्तर काय करतील? पोर सहा वर्षांचं दिसतं ना, मग टाक एक जून. आजही एक जून उजाडला की नातीचा मोबाईल वाढदिवसाच्या शुभेच्छा देता देता दमतो.

माझ्या मुलाची खरी तारीख मला ठाऊक होती. तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी झाला, घरातच, सुईणीच्या हातावर. निंबाला बांधलेले झोके अजून सोडले नव्हते आणि बाहेर पोरी गाणी म्हणत होत्या. मी स्वतः ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करून आलो होतो आणि खाली माझी टिंबांची सही केली होती. पुढं सहा वर्षांनी शाळेत गेलो तेव्हा मास्तरांनी विचारायच्या आतच एक जून लिहून टाकलं. मी म्हणू शकलो असतो, गुरुजी, ग्रामपंचायतीत नोंद आहे. पण मग ते म्हणाले असते, दाखला आण, वाच, काय लिहिलंय ते सांग. मी गप्प राहिलो.

असे मुलाचे दोन जन्म झाले, एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघाला. कॅनडावाल्यांनी जन्माचा दाखला मागितला तेव्हा दोन तारखा समोरासमोर आल्या.

दलाल म्हणाला, नाना, हे तर एकदम सोपं आहे, तुम्ही काळजी करू नका. आठ दिवसांनी त्यानं मला एकट्याला बोलावलं, बापाचं प्रतिज्ञापत्र लागतं म्हणाला. स्टॅम्पपेपर पुढं सरकवला. मी खिसा चाचपला, चष्म्याचं सांगितलं. तो हसला आणि बोट ठेवून म्हणाला, इथं नाना. मी सही केली. रेघ, दोन टिंबं.

त्या कागदात असं होतं की माझा मुलगा एक जूनला जळगावच्या एका दवाखान्यात जन्मला, मी त्या वेळी हजर होतो, आणि सोबत जोडलेला जन्माचा दाखला खरा आहे. जो दवाखाना मी जन्मात पाहिला नाही, तिथं मी हजर होतो. सोबतचा दाखला त्यानं कोणाकडून तरी बनवून घेतलेला होता.

कॅनडावाल्यांनी तपास केला. उत्तर आलं ते असं की दाखला खोटा, बापाचं प्रतिज्ञापत्र खोटं, अर्जदारानं फसवणूक केली, पाच वर्षं पुन्हा अर्ज करायचा नाही. तोवर मुलानं कारखाना सोडला होता. बरोबरच्यांनी निरोपाला चाकाची मोठी बॅग दिली होती. ती बॅग आज आमच्या घरात गोधड्या ठेवायला आहे. पैसा गेला त्याचं मी बोलत नाही, पैसा शेतात पुन्हा उगवतो. पण कारखान्यानं परत घेतलं नाही, कारण फसवणूक हा शब्द तिथंही पोचला होता. ज्याची शिवण साहेब लोक दाखवायचे तो आता धुळ्याला एका दुकानात लोकांच्या खिडक्यांच्या जाळ्या करतो. आधी तो घरी आला की बोलायचा. नंतर आला की हात धुवायचा, जेवायचा आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचा.

आम्ही बापलेक जाब विचारायला जळगावला गेलो. खोलीत पाच-सहा माणसं आपापल्या फायली घेऊन बसली होती. दलाल या वेळी उठला नाही. शांतपणे म्हणाला, कागदावर सही तुमची आहे, वर छापलंय की मजकूर वाचून, समजून सही केली. मी म्हणालो, त्या दिवशी माझा चष्मा घरी राहिला होता. त्यानं माझ्या खिशाकडं बोट केलं.

"चष्मा तर खिशातच आहे, नाना. चष्म्यानं काय होतंय? आधी वाचता यायला लागतं."

खोलीतली माणसं हसली. एक बाई तोंडाला पदर लावून हसली. मुलगा मान खाली घालून उभा होता आणि माझा सगळा जन्म त्या बाईच्या पदराआड हसला जात होता. जिना बावीस पायऱ्यांचा. मी मोजत उतरलो आणि शेवटच्या पायरीवर ठरवलं, याला खाली आणायचा. वर बसलाय ना, खाली आणायचा.

आता मारामारी करायचं माझं वय नव्हतं. मुलाच्यात त्राण नव्हतं. राहिली नात. ती त्या वर्षी बारावीला होती आणि तिला शिक्षिका व्हायचं होतं. मी म्हणालो, वकिली. सून म्हणाली, पोरीच्या मनाचं तरी बघा. मी म्हणालो, घरात माझं मन आधी चालतं. हे काही भूषण नाही, पण झालं तसं लिहितो. मी नातीला वकील केलं ते तिच्या भल्यासाठी नाही. घरात विळा धारेला लावतात तसं मी तिला लावलं.

धुळ्याला देवपुरात कॉलेज, पाच वर्षांचं. तिथंच एका म्हाताऱ्या बाईकडं खोली. मी दर शनिवारी एसटीनं डबा घेऊन जायचो. कळण्याची भाकरी, ठेचा, कधी शेवभाजी. ती जेवायची आणि मी विचारायचो, या आठवड्यात काय शिकवलं? ती करार सांगायची, पुरावा सांगायची, फौजदारी सांगायची. मी सगळं ऐकून एकच विचारायचो, यात दलालाला धरता येतं का?

पहिल्या वर्षी ती म्हणायची, आबा, अजून त्या विषयाला आलो नाही. दुसऱ्या वर्षी एकदा दिवाळीला घरी आली आणि तिनं बापाची सगळी फाईल मागून घेतली. दोन दिवस वाचत बसली. त्यानंतर तिनं त्या प्रश्नाचं उत्तर देणंच बंद केलं. मला वाटलं, अभ्यास अवघड झाला असेल.

पण त्या फाईलनं तिचं डोकं फिरवलं, हे खरं. चौथ्या वर्षी म्हणाली, आबा, मी इमिग्रेशनचं काम करणार. मी विचारलं, ते काय? म्हणाली, परदेशी जाणाऱ्यांचे कायदे. कोणता कागद लागतो, तो खरा कसा दाखवायचा, नाकारला तर पुढं काय, माणसं पाठवणाऱ्याकडं सरकारी नोंदणी आहे का. मी मनात म्हणालो, पोरगी बरोबर वाटेला लागली, त्याच्याच घराकडं निघाली.

परीक्षा झाली, सनद आली. काळा कोट मी धुळ्याला शिवून घेतला, शिंप्याला सांगितलं, खांदा ताठ ठेव. ती एका ज्येष्ठ वकिलांकडं लागली. त्यांचं काम जमिनीच्या वाटण्यांचं आणि अपघाताच्या दाव्यांचं. तिनं त्यांना आपला विचार सांगितला तेव्हा ते खो खो हसले म्हणे. म्हणाले, बाई, खान्देशात परदेश म्हणजे सुरत, आणि सुरतेला व्हिसा लागत नाही. बार रूममध्ये चार दिवस तो विनोद चालला. ती घरी येऊन रडली नाही. तिनं त्यांच्याच ऑफिसात दाराजवळ एक लहान टेबल मागून घेतलं आणि सांगितलं, वाटणीचे दावे मी करते, पण संध्याकाळी पाचनंतर हे टेबल माझं.

पहिली आली ती एक नर्स. आयर्लंडला जायचं होतं, जन्मतारीख दोन कागदांवर दोन. शाळेत एक जून, ग्रामपंचायतीत पौषातली. नातीनं काही बनवलं नाही. ग्रामपंचायतीच्या जुन्या रजिस्टरातल्या पानाची सही-शिक्क्याची नक्कल काढली, शाळेच्या प्रवेश रजिस्टराचं ते पान काढलं ज्यावर ओळीनं सगळ्या पोरांना एक जून आहे, आणि वर दोन पानी पत्र लिहिलं, की आमच्या भागात शाळेत नाव घालताना असं करायची रीत होती, ही लबाडी नाही. नर्सचं काम झालं. मग तिनं दुसरी पाठवली. मग साक्रीकडचा एक ड्रायव्हर, मग एक इंजिनियर पोरगा. त्या टेबलाला कोर्टात लोक एक जूनचं टेबल म्हणायला लागले. जे ज्येष्ठ वकील हसले होते त्यांनीच तिला मोठं टेबल दिलं.

मला आनंद झाला का? झाला. पण आतून जळतही होतं. कारण प्रत्येक फाईलनं एकच गोष्ट मला कळत होती. माझ्या मुलाचं काम एवढंच होतं. दोन नकला आणि दोन पानांचं खरं पत्र. त्या माणसाला ते करता आलं असतं. त्यानं केलं नाही, कारण खोटं लवकर होतं.

मग मी तिच्या मागं लागलो. जेवताना, शेतात, फोनवर. त्याले कव्हय धरशी? तिच्याकडं दर वेळी नवीन कारण. आधी ही केस, मग ती परीक्षा, मग पुण्याच्या एका मोठ्या वकिलांच्या ऑफिसशी चाललेलं बोलणं. एक दिवस मी तिच्या टेबलासमोर, लोकांसमोर, म्हणालो, तुला मी कशासाठी शिकवलं ते विसरलीस, आता तुला कॅनडाच्या साहेबांशी इंग्रजी बोलायचं आहे, आजाचं काय घेणं. लोक गेल्यावर तिनं कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढं ठेवला. जुना स्टॅम्पपेपर, त्याची नक्कल.

"आबा, हाई सही तुमनीच शे ना?"

मी म्हणालो, हो, माझीच, पण मी काय लिहिलंय ते पाहिलं नव्हतं.

"मले माहीत शे. पण कागद म्हणस, तुम्ही वाचीसन सही करी." मग ती कोर्टाच्या मराठीवर आली, राग आला की ती तशीच बोलते. "त्याच्यावर तक्रार केली की तो पहिली गोष्ट हीच दाखवणार. खोटं प्रतिज्ञापत्र कोणी दिलं? तुम्ही. आधी तुम्ही आरोपी, मग तो. मी हे दुसऱ्या वर्षापासून जाणते. म्हणून गप्प आहे."

पाच वर्षं डबे घेऊन मी ज्याला मारायला तिला धार लावत होतो, त्याच्या पुढं मीच उभा होतो, आणि ती मला चुकवून वार कसा करायचा ते बघत बसली होती. मला लाज वाटायला हवी होती. मला रागच आला. मी विचारलं, काही वाट आहे का?

ती म्हणाली, एकच. तुम्हाला तो मजकूर वाचता येत नाही आणि हे माहीत असूनही त्यानं तुमची सही घेतली, हे दाखवायचं. पण त्यासाठी तुम्हाला लिहून द्यावं लागेल. मग पोलीस वाचतील, कोर्ट वाचेल, उद्या गावही वाचेल.

तेव्हा मी तिला ती जिन्यावरची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. चष्मा, पदर, बावीस पायऱ्या. तिनं पेन खाली ठेवून ऐकलं आणि विचारलं, त्या खोलीतली माणसं कोण होती? मला एकाचंही नाव माहीत नव्हतं. ती म्हणाली, माझ्या बापाला साक्षीला धरलं तर दलालाचा वकील म्हणणार, तुमचा मुलगा तुमच्यासारखंच बोलणार. मग दलालाला ठाऊक होतं हे सिद्ध कसं करायचं, आबा?

मी तीन दिवस शेतात कांद्याच्या वाफ्यांना पाणी देत राहिलो. बायको असती तर तिला विचारलं असतं, ती माझ्या आधीच गेली. चौथ्या दिवशी धुळ्याला गेलो आणि म्हणालो, लिही.

ज्येष्ठ वकिलांनी मला समजावलं. नाना, आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा कशाला पाडता, त्या माणसाला देव बघून घेईल. मी म्हणालो, देवाकडं कामं फार आहेत.

नातीनं जबाब लिहिला. त्यात असं होतं: मी दुसरीपर्यंत शिकलो आहे. मला कायद्याची भाषा वाचता येत नाही. वाचता येत नाही हे सांगायची लाज वाटत असल्यानं मी चष्मा विसरल्याचं खोटं सांगितलं आणि न वाचता सही केली. तिनं मला तो तीनदा वाचून दाखवला. लाज हा शब्द काढू का, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, राहू दे, खरा आहे.

पण माझा हट्ट कुठं जातो. तो जबाब मी घरी आणून रात्रंदिवस घोकला. अक्षरं लावून लावून असा तयार केला की चौकशीच्या वेळी दलालाच्या तोंडासमोर तो खडाखडा वाचून दाखवायचा. म्हणजे काय सिद्ध होणार होतं, देव जाणे. उलट केसच बुडाली असती. नातीला कळलं तेव्हा तिनं डोक्यावर हात मारून घेतला.

नातीनं तो जबाब जोडून पोलिसांत तक्रार दिली. चौकशीला दोन्ही बाजूंना जळगावला एका पोलीस अधिकाऱ्यासमोर बोलावलं. दलाल आपल्या वकिलासह आला होता. केस पिकले होते, पण चेहऱ्यावर तोच तेलकटपणा. मला नमस्कार केला, नाना म्हणाला. त्याचं लेखी उत्तर आधीच आलेलं होतं. अर्जदारानं कागदपत्रं स्वतः आणून दिली आणि त्याच्या बापानं प्रतिज्ञापत्र स्वतः वाचून, खात्री करून सही केली, असं त्यात होतं. अधिकारी शांत माणूस होता. त्यानं माझा जबाब बाजूला ठेवला आणि जुना स्टॅम्पपेपर माझ्यापुढं सरकवला.

"वाचा बरं, आजोबा. जमेल तेवढं."

मी घोकला होता तो कागद हा नव्हता. माझा हात आपोआप खिशाकडं गेला. चाचपला. चष्मा घरी राहिला, हे शब्द जिभेवर आले होते. साठ वर्षांची सवय. समोर तो बसला होता आणि माझ्या हाताकडं बघत होता.

मी चष्मा काढला, डोळ्याला लावला आणि बोट ठेवून वाचायला लागलो. मी, खाली, सही. इथवर नीट. मग करणार. पुढं प्रतिज्ञापूर्वक आलं आणि मी अडकलो. प्र. ति. पुन्हा मागं गेलो, पुन्हा अडकलो. नात माझ्या शेजारी होती, पण तिनं ओठ हलवला नाही. मी तिसऱ्यांदा सुरुवात केली आणि त्याच शब्दावर येऊन थांबलो.

दलाल हसला. मोठ्यानं नाही, नाकातून. मग आपल्या वकिलाला ऐकू जावं तसं म्हणाला, पण सगळ्यांनी ऐकलं.

"मी तेव्हाच ओळखलं होतं. ह्यांना नुसती सही येते."

अधिकाऱ्यानं मान वर केली. "तेव्हा म्हणजे कधी?"

"अहो, सही घेताना. चष्मा विसरलो म्हणाले आणि चष्मा खिशातून डोकावत होता. अशी माणसं रोज येतात आमच्याकडं."

त्याच्या वकिलानं त्याच्या मांडीवर हात ठेवला, पण शब्द बाहेर पडून गेले होते. अधिकाऱ्यानं त्याच्याच लेखी उत्तरावरून बोट फिरवत एक ओळ मोठ्यानं वाचली, स्वतः वाचून, खात्री करून. मग विचारलं, यातलं खरं कोणतं? नात पहिल्यांदा बोलली. म्हणाली, साहेब, आत्ताचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत. तिचा आवाज इतका साधा होता, जशी ती दुकानात हिशेबाची पावती मागत होती.

तो सगळं विसरला असेल, पण मला हिणवायची संधी त्याला सोडवली नाही. त्या खोलीतल्या हसण्याचा साक्षीदार मला सापडत नव्हता. शेवटी तोच साक्षीदार झाला.

गुन्हा नोंदला गेला. त्याच्याकडं माणसं पाठवायची सरकारी नोंदणीच नव्हती, हेही निघालं. मला साक्षीदार केलं. आरोपीही करता आलं असतं, नातीनं आधीच बजावलं होतं. जिन्यावरची पाटी उतरली. जप्तीच्या पंचनाम्याची नक्कल तिनं घरी आणली तेव्हा मी ती मागून घेतली आणि ओसरीवर बसून स्वतः वाचली. अर्धा दिवस लागला. संगणक दोन. शिक्के सात. आणि खाली एका ओळीत, प्लास्टिकचा पृथ्वीचा गोळा, एक. ती ओळ मी परत परत वाचली. गावात जो भेटला त्याला वाचून दाखवली.

मुलगा मात्र कॅनडाला जात नाही. बंदीची पाच वर्षं कधीच सरली. नात म्हणाली, भाऊ, आता खऱ्या कागदांवर अर्ज करू, आखाजीची तारीख लावू. आमच्या घरात बापाला भाऊ म्हणतात. तो म्हणाला, आता डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, शिवण सरळ येत नाही. तो एवढंच बोलला आणि जेवायला बसला. म्हणून मला कोणी म्हणालं, नाना, झालं ना आता, सोडा, की मी विचारतो, त्याची शिवण कोण परत देतो?

नात आता पुण्याच्या त्या ऑफिसचंही काम करते, पण टेबल धुळ्यातच ठेवलंय. ती मला म्हणते, आबा, मी या कामात आले ते तुमच्या रागामुळं, पण आता राहते ते त्या नर्ससाठी, त्या ड्रायव्हरसाठी. म्हणू दे. मी तिला अडवत नाही. विळा आपला झाला म्हणून पीक आपलंच असतं असं नाही.

केस जळगावच्या कोर्टात चालू आहे. प्रत्येक तारखेला मी पहिल्या एसटीनं जातो. माझी गरज नसते, साक्ष होऊन गेली. मी त्याच्यासमोरच्या बाकावर बसतो, दुपारी तिथंच भाकरी सोडतो आणि त्याच्याकडं बघतो. मागच्या तारखेला तो व्हरांड्यात जवळ आला. दाढी वाढली होती. नाना म्हणाला, आणखी किती दिवस येणार, तुमच्या वयाला हे झेपतं का?

मी पिशवीतून वही काढून त्याला दाखवली. नातीनं दिलेली, दुरेघी. सहा महिने झाले, मी रोज सकाळी तीत कोर्टाचे शब्द गिरवतो आणि मोठ्यानं वाचतो. हे लिहिणंही त्याच वहीत चाललंय. शुद्धलेखन तिनं पाहिलं, बाकी सगळं माझं.

"निकाल लागेपर्यंत येणार," मी म्हणालो. "तुझा निकाल मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा नाही. मी स्वतः वाचणार आहे. तुझ्यासमोर, मोठ्यानं. अडखळलो तर पुन्हा पहिल्यापासून वाचीन."

तो वहीकडं बघत राहिला. पहिल्याच पानावर, ओळीनं वीस वेळा, प्रतिज्ञापूर्वक लिहिलेलं आहे. मी चष्मा खिशात ठेवला आणि बाकावर जाऊन बसलो.